चिंधू मिस्त्रींचं पहिलं धान

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतात, "मॅडम, तुमचं एलिव्हेटर माल किती उंच नेतं?" माझंही उत्तर ठरलेलं, "तुम्हाला किती उंच हवाय?" मग ते हसतात, चहा येतो आणि कामाचं बोलणं सुरू होतं.

भिलाईजवळ हथखोजच्या कारखान्यांच्या गर्दीत पंजाबरावांचं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही बकेट एलिव्हेटर बनवतो. मी ड्रॉईंग काढते आणि हिशेब करते. माझ्या आत्याला मी हे यंत्र असं समजावलं होतं: विहिरीवरचं रहाटगाडगं आठव. ते उभं ताण, पत्र्याच्या उंच पेटीत बंद कर आणि पाण्याऐवजी सिमेंट, राख, स्लॅग, काय हवं ते घाल. एका लांब पट्ट्यावर ओळीनं बादल्या बसवलेल्या असतात. खालच्या पेटीला बूट म्हणतात, वरच्या टोकाला हेड. बूटात माल पडतो, बादल्या तो भरून घेतात आणि वर जातात. हेडवरच्या पुलीला वळसा घालताना त्या वेगानं माल पुढे फेकून देतात, आणि रिकाम्या होऊन दुसऱ्या बाजूनं खाली येतात. आत्या म्हणाली, "एवढ्यासाठी शिकलीस?" आमच्या घरात कौतुक असंच होतं.

आता किती उंच, हे सांगते. पट्टा आधी स्वतःचं वजन उचलतो, मालाचं नंतर. जितकं उंच जाल तितका पट्टा लांब, तितका तो जड, आणि ते सगळं ओझं लोंबकळतं सर्वांत वरच्या हातभर तुकड्यावर. साधा कापडी पट्टा एका उंचीनंतर हात टेकतो. त्याच्यापुढे पोटात पोलादी तारा असलेला पट्टा लागतो. तसल्या पट्ट्यानं लोक शंभर मीटरच्याही वर माल चढवतात. पण पट्टा कितीही भारी आणा, त्याची दोन टोकं कुठेतरी जोडावीच लागतात, आणि जोड सुटला की सगळा डोलारा बूटात. म्हणून आमच्या धंद्यात उंची म्हणजे शेवटी जोड. आणि आमच्याकडे जोड म्हणजे चिंधू मिस्त्री.

चिंधू लांजेवार. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गळ्यात कायम गमछा, खिशात कायम गुळाचा खडा. वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून पोलाद कारखान्याच्या कामावर आले आणि इथलेच झाले. मुलगा मात्र खासगी वर्कशॉपात शिरला, कारण त्यांच्याच शब्दांत, "प्लांटात हजेरी लावा लागते, अन् मले सकाई उठल्या उठल्या कोणी नाव घेतलेलं खपत नाई." तारांचा पट्टा जोडायला बसले की ते कुणाला जवळ फिरकू देत नसत. एकेक तार उलगडायची, पुसायची, पट्टीत बसवायची, बोल्ट कसायचे, एक गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. मी घाई केली की म्हणायचे, "तुह्या लग्नाची मेंदी हाये का हे, सुकली का धुतली?" त्यांचा जोड आजवर सुटलेला नाही. हे मी नाही, गिऱ्हाईकं सांगतात.

आणि हाच माणूस शिडीच्या चौथ्या पायरीच्या वर कधी गेला नव्हता.

मी वर्कशॉपात लागले त्या वर्षीच मला हे कळलं. एका अर्धवट उभ्या एलिव्हेटरचं वरचं माप जुळत नव्हतं. मी म्हटलं, काका, जरा वर जाऊन बघता? ते गेले. चौथ्या पायरीवर थांबले आणि शिडीला दोन्ही हातांनी अशी मिठी मारली की मला वाटलं, शॉक बसला. खाली आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. कुणी पाहिलं नाही ना, एवढंच त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं. मग मला चहाच्या टपरीमागे नेलं.

"कोणाले सांगू नको बेटा," ते म्हणाले. "मले वर जमत नाई."

"का?"

"माह्या आंधीचे तीन लेकरं वाचले नाई. मी झालो तं मायनं मले शेजारच्या बाईले देऊन टाकलं, अन् फाटकी चिंधी देऊन वापस इकत घेतलं. म्हून चिंधू. वरच्याले वाटलं पाह्यजे, का हे काही कामाचं नाई, चिंधीच हाये, राहू दे. नजर नाई पडली पाह्यजे त्याची. मंग मी जांभळीवर चढलो का माय वरडे, 'चिंध्या, खाली उतर! उंच गेला का दिसशीन त्याले!' गच्चीवर गेलो तरी तेच. पाण्याच्या टाकीवर पोट्टे चढत, मी खाली उभा."

"पण काका, तुम्ही मानता हे?"

"मी नाई मानत," ते म्हणाले. "पाय मानते."

मी त्यांना आणखी एक चहा पाजला आणि तोंड शिवलं. एकूण विनोद असा होता की भिलाई-दुर्ग पट्ट्यात सगळ्यांत उंच माल चढवणारा माणूस स्वतः कमरेच्या वर चढत नव्हता. आणि त्याचं कुणाचं काही अडतही नव्हतं, कारण वरच्या कामाला भूपेंद्र होता. भूपेंद्र छत्तीसगढी, रिगर, म्हणजे दोरखंड आणि कप्प्या घेऊन उंचावर यंत्र उभं करणारा. तो शिडीवर चढताना मोबाईलवर गाणी ऐकतो.

अडलं ते एका रिवाजामुळे.

आमच्या वर्कशॉपात नवं एलिव्हेटर पहिल्यांदा चालवायचं तेव्हा त्यात आधी धान टाकतात. हा रिवाज आमचे जुने मुख्य मिस्त्री ओमप्रकाश उस्ताद यांनी घातला. "लोहे का पेट पहले धान से भरो, फिर पत्थर से," असं ते म्हणत. बूटात पायलीभर धान ओतायचं, यंत्र सुरू करायचं, आणि हेडजवळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून मुख्य मिस्त्रीनं ते आपल्या गमछात झेलायचं. वर गेलेलं धान वरच स्वीकारायचं. मग ते त्याच्या घरी जातं, घरच्या धानात मिसळतं. ज्याचं यंत्र, त्याच्या घरचा घास. नारळ फोडला नाही तरी चालतं, पण पहिलं धान झेलल्याशिवाय आमचे रिगर उभ्या यंत्राच्या पुढच्या कामाला हात लावत नाहीत. हा हट्ट म्हणा, श्रद्धा म्हणा, मी नाव ठेवत नाही. उंचावर लटकून काम करणाऱ्याला कसला ना कसला आधार लागतो.

इतकी वर्षं उस्ताद वर असत आणि चिंधूकाका खाली, बूटापाशी. "खाली कोणीतरी पाह्यजे ना," असं म्हणत ते पायलीतलं धान ओतत आणि वर बघत सुद्धा नसत. पण उस्तादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते गावी गेले, आणि पंजाबरावांनी सगळ्यांसमोर चिंधूकाकांच्या गळ्यात हार घातला. आजपासून मुख्य मिस्त्री हे. टाळ्या वाजल्या. मी काकांकडे बघितलं. हार बकऱ्याला घालतात तसा त्यांच्या गळ्यात दिसत होता.

आणि पुढचंच काम आमच्या आजवरच्या कामांत सर्वांत उंच निघालं. हथखोजमध्येच स्लॅग दळून सिमेंट बनवणारं एक युनिट उभं राहत होतं. पोलाद कारखान्याच्या भट्टीतून निघणारी धातुमळी म्हणजे स्लॅग, ती पिठासारखी बारीक करून उंच सायलोत, म्हणजे उभ्या कोठीत, चढवायची होती. पन्नास मीटर. मी हिशेब तीनदा केला. तारांचा पट्टा, रुंद पुली, आणि वीज गेली तर भरलेल्या बादल्या उलट्या खाली धावू नयेत म्हणून उलट फिरणं रोखणारा ब्रेक. सगळं बसत होतं. एक चिंधूकाका तेवढे कशात बसत नव्हते.

"काका, पंजाबरावांना सांगू या का? भूपेंद्र झेलेल," मी म्हटलं.

"अन् लोक काय म्हणतीन? मिस्त्रीले आपल्याच जोडावर भरोसा नाई म्हणतीन."

हे खरं होतं. पहिलं धान मिस्त्रीनं का झेलायचं, याचं उस्तादांनी सांगितलेलं कारणच हे होतं, की ज्यानं जोड केला त्यानं त्या चालत्या जोडाशेजारी उभं राहून दाखवावं.

मग काकांनी एक शक्कल लढवली, आणि त्यात माझाही थोडा हात होता. यंत्राला एक छोटी मोटर असते, तपासणीच्या वेळी पट्टा गोगलगायीच्या चालीनं फिरवायला. त्या चालीवर बादलीत माल पुढे फेकण्याइतका जोर येत नाही. पुलीवर वळसा घेताना माल तिथेच सांडतो आणि उतरत्या बाजूनं परत बूटात येतो. हे काकांना माहीत होतं, पण त्यांनी मला पुन्हा विचारून खात्री केली.

"म्हणजे धान वर जाऊन वापस खालीच येते ना?"

"हो."

"मंग मी खालीच झेलतो! वर गेलेलं धान देवानं परत दिलं, प्रसाद म्हून! वर जायची गरजच काय?" चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. ऐकायला छान वाटत होतं. दोघांनाही अक्कल गहाण टाकायची हौस आली होती, दुसरं काय.

चाचणीचा दिवस उजाडला. सकाळी ऊन कोवळं होतं. युनिटच्या आवारात छोटीशी पूजा मांडलेली, आरतीसाठी भाड्याचा स्पीकर आणि माईक आणलेला. यंत्राची पत्र्याची पेटी आकाशात सरळ गेली होती, तिच्या अंगाला पिंजऱ्याची शिडी आणि मधे मधे थांबायला प्लॅटफॉर्म. पंजाबराव धुतलेल्या सदऱ्यात आले होते. युनिटचे मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. काकांनी पायली उचलली, धान ओतलं आणि मला खूण केली. मी छोटी मोटर सुरू करवली.

बादल्या सावकाश वर गेल्या. आम्ही सगळे माना वर करून उभे. बराच वेळ काहीच झालं नाही, मग पेटीतून पावसासारखा आवाज खाली खाली येत गेला आणि धान बूटात पडलं. काकांनी बूटाचं दार उघडून गमछा पुढे धरला. "घ्या! देवानं प्रसाद दिला!" ते मोठ्यानं म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही.

भूपेंद्रनं खांद्यावरचा दोर खाली ठेवला. त्याच्या मागच्या रिगरांनीही ठेवला. "कका, ये ठीक नहीं हुआ," तो हळू आवाजात म्हणाला. "दान वापस आ गया. ऊपरवाले ने लिया ही नहीं."

ही बाजू आमच्या दोघांच्या डोक्यात आलीच नव्हती. दारी दान मागायला आलेल्याच्या सुपात धान टाकावं आणि त्यानं ते उंबऱ्यावर ओतून जावं, असं ते झालं होतं. रिगर बाजूला होऊन बसले. आता या यंत्रावर कुणी चढणार नव्हतं, आणि कुणी चढल्याशिवाय हेडमधून माल बाहेर सोडणारी नळी सायलोला जोडली जाणार नव्हती. मॅनेजरना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी नेमका नको तो प्रश्न विचारला. "आपके मिस्त्री खुद ऊपर क्यों नहीं जा रहे? जॉइंट में कुछ गड़बड़ है क्या?"

पंजाबरावांनी काकांकडे पाहिलं. मला काकांची इतकी दया आली की मी तोंड उघडलं होतं, सगळं सांगून टाकायला. पण काकांनी हात वर करून मला थांबवलं. जोडाचं नाव निघालं होतं. स्वतःला भित्रा म्हटलेलं त्यांनी एकवेळ ऐकून घेतलं असतं, जोडाला वाईट म्हटलेलं नाही.

"सेफ्टी बेल्ट दे रे," ते भूपेंद्रला म्हणाले.

ते शिडीकडे निघाले. पुढे काका, मागे भूपेंद्र. भूपेंद्रनं मला फोन लावून मोबाईल खिशात चालू ठेवला, त्यामुळे वरचं सगळं मला कानात ऐकू येत होतं. पहिल्या चार पायऱ्या झाल्या. पाचवी आली. काका थांबले. मग त्यांचा आवाज आला, पण ते भूपेंद्रशी बोलत नव्हते.

"हा माहाच हाये," ते पुटपुटले.

त्यांच्या नाकासमोर पेटीच्या पत्र्यावरचा वेल्डिंगचा टाका होता. स्वतःचा. त्यांनी ठरवून टाकलं असावं की बघायचं ते फक्त पत्र्याकडे. बाहेर नाही, खाली नाही, वर तर अजिबात नाही. "हा उन्हाळ्यातला. हात घामेजला होता, पाहा कसा वाकडा गेला... हा भाऊराव वेल्डरचा, त्याले कितीदा सांगतलं का घाई करू नको... हा माहा. हा बी माहा." असं बोलत बोलत ते वर चालले होते. आपल्या घरातल्या भिंती ओळखत अंधारात चालावं, तसे. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि माझी मान दुखायला लागली तरी मला ती खाली करवेना.

ते पोचले. भूपेंद्रचा आवाज आला, "मॅडम, कका ऊपर आ गए. चालू करो!"

या वेळी मोठी मोटर लावली. नवं धान मी ओतलं. बादल्या सरसर वर गेल्या, पट्टा एका लयीत गुणगुणायला लागला, आणि अर्ध्या मिनिटात वरून कानात आवाज आला, धान नळीच्या तोंडातून गमछात आदळल्याचा. भूपेंद्र ओरडला. खाली रिगर ओरडले. पंजाबरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले. मॅनेजरनीही टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना कळलं नसावं. मला एवढं हायसं वाटलं की मी जमिनीवरच बसले, नव्या ड्रेससकट.

पण आनंद आटपायच्या आतच दुसरं संकट उभं राहिलं. काका खाली येईनात.

"मॅडम," भूपेंद्र फोनवर म्हणाला, "कका रेलिंग नहीं छोड़ रहे. आँख बंद करके खड़े हैं."

चढताना पत्रा नाकासमोर होता. उतरायचं म्हणजे आधी वळायला हवं, पाय मागे टाकायला हवा, आणि तो पाय खालच्या पायरीपर्यंत पोकळीत सोडायला हवा. तेवढं त्यांच्यानं होईना. भूपेंद्र त्यांना घाबरू नका म्हणून चुचकारत होता, "झन डर्रा कका, मैं हूँ ना, झन डर्रा." पंजाबरावांनी माईकवरून दोनदा विनंती केली. त्यानं काका आणखीच घट्ट झाले. एक म्हणाला क्रेन बोलवा. दुसरा म्हणाला अग्निशमनवाल्यांना कळवा. एका शहाण्यानं तर सुचवलं की बादल्या रिकाम्या खालीच येतात, त्यातून पाठवून द्या. त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो चहा आणायला निघून गेला.

ऊन चढत होतं. वर तापलेला पत्रा, खाली पन्नास मीटर, आणि एक पंचावन्नचा माणूस डोळे मिटून उभा. आता चक्कर आली तर? बेल्ट होता, पण बेल्ट पडू देत नाही, घाबरू देतोच. हसण्यावारी न्यायची वेळ निघून गेली होती. मी दुर्गच्या बोरसीला त्यांच्या घरी फोन लावला. काकू हुशार आहेत, काहीतरी सुचवतील, एवढाच विचार.

काकूंना मी हळूच सांगितलं. पण त्या घरात हळू असं काही नसतंच. मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "कोण वर गेलं?"

काकूंनी सांगू की नको केलं. मग फोन ओढून घेतल्याचा आवाज झाला. "कोण बोलून राहिली? किती वर गेला तो?"

या वच्छलाबाई. चिंधूकाकांची आई. मी सांगितलं, "आजी, खूप वर. आणि त्यांना उतरता येईना."

आजी म्हणाल्या, "त्याच्या कानाशी दे मले."

वरती भूपेंद्रचा फोन माझ्याच फोनला अडकलेला होता आणि मी काकूंशी बोलत होते ते पंजाबरावांच्या फोनवरून. कसं जोडायचं? मग माझी नजर आरतीच्या माईकवर गेली. मी धावत गेले आणि फोनचा आवाज मोठा करून तो माईकला चिकटवला.

"बोला आजी!"

हथखोजच्या त्या आवारात, स्पीकरमधून, शेजारच्या चार कारखान्यांनाही ऐकू जाईल असा आवाज घुमला:

"चिंध्याऽऽ! खाली उतर!"

पंजाबराव सुद्धा एक पाऊल मागे सरले, जणू त्यांनाच सांगितलं.

"आयकलं का? खाली उतर! आताच्या आता! नाईतं पाय तोडीन!"

आणि वर, निळ्या आकाशापुढे, चिंधू मिस्त्री वळले. खरंच वळले. त्यांनी डोळे उघडले की नाही मला दिसलं नाही. पण एक पाय मागे आला, खालची पायरी शोधली, सापडली. मग दुसरा. जांभळीवरून उतरणाऱ्या पोरासारखे ते भराभर उतरायला लागले. भूपेंद्रला त्यांच्या एक पायरी खाली राहण्यासाठी घाई करावी लागली. ज्या हाकेनं त्यांना जन्मभर खाली ठेवलं होतं, तीच हाक आता त्यांना हात धरून उतरवत होती. आजी थांबत नव्हत्या. "हळू! हाव, तसाच! हात नोको सोडू!" त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण पोरगं झाडावरून कसं उतरतं ते त्यांना पाठ होतं.

काका जमिनीवर टेकले तेव्हा गमछाची गाठ दातात धरलेली. त्यातला एक दाणा सांडला नव्हता. भूपेंद्रनं त्यांच्या पायांना हात लावला आणि मग रिगरांनी दोर उचलले. दुपारपर्यंत वरची नळी जोडली गेली, आणि स्लॅग चढायला लागला. सायलोच्या माथ्यावर तो पडायला लागल्याचा आवाज खालपर्यंत आला. जोड हललाही नाही. मॅनेजरनी मला विचारलं, "इससे भी ऊँचा बना सकते हो?" मी म्हटलं, "यंत्र बनवू. मिस्त्रींच्या आईंना विचारावं लागेल."

संध्याकाळी मी काकांना स्कूटरवर घरी सोडायला गेले. बोरसीत घराच्या दाराशीच खाटेवर आजी बसल्या होत्या. वाळलेल्या, लहानशा. त्या आवाजाला हे एवढंच शरीर पुरतं, याचं मला नवल वाटलं. मला वाटलं होतं की आता तोंडाचा पट्टा सुटणार. काकांनाही वाटलं असावं, कारण ते खाली बघत उभे राहिले आणि गमछा पुढे केला.

आजींनी गमछाला हात लावला नाही. काकांची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि नीट पाहिलं. कपाळ, डोळे, दोन्ही कान. लेकरू मैदानातून आल्यावर लागलं-खुपलं बघतात तसं.

"पाह्यलं त्यानं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोणं?"

"वरच्यानं."

"पाह्यलं असंल. मी डोये मिटून होतो."

"काही केलं नाई ना?"

काकांनी मान हलवली. "नाई माय. काहीच नाई केलं."

आजींच्या खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि त्या रडायला लागल्या, पण तोंडावर हसू होतं. पंचावन्न वर्षं पोटाशी धरून ठेवलेली भीती अशी एका संध्याकाळी ओसरते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि माझेही डोळे भरून आले. काकूंनी धानाचा डबा आणला. आजींनी स्वतःच्या हातानं पहिलं धान त्यात ओतलं, वरून खाली बोटं फिरवून मिसळलं.

"तू झाला तवा एक नाव होतं माह्या मनात," त्या डब्यात बघतच म्हणाल्या. "भ्यानं कधी घेतलं नाई. मनातल्या मनात बी नाई."

"कोणतं?"

आजींनी आधी दाराबाहेर आकाशाकडे पाहिलं, कुणाला ऐकू गेलं तरी चालेल अशा. मग सकाळच्याच खणखणीत आवाजात हाक मारली, "देवीदास!"

काका इकडेतिकडे बघायला लागले. कुणाला बोलावतेय ते त्यांना कळेना. मग कळलं. सकाळी उठल्या उठल्या कुणी नाव घेतलेलं न खपणारा तो माणूस खाटेशी खाली बसला, आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि ओ दिली.